अण्णांचा घास

अण्णांची उलटी आईने पाहिली आणि ती मोरीच्या दारातच थबकली. आदल्या दुपारच्या भाताची शिते त्यात जशीच्या तशी होती. "अगं, हे कालचं आहे," एवढेच ती म्हणाली.

तोवर घरात सगळे 'पित्त झालंय' म्हणत होतो. कोकम सरबत, आवळा, दुकानातल्या गोळ्या असा दीड महिना आम्ही काढला. गंमत म्हणजे (गंमत कसली म्हणा!) त्या उलटीत पित्त नावालाही नव्हते. त्याचे कारण डॉक्टरांनी पुढे कागदावर चित्र काढून सांगितले. पित्त उतरते लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात. अण्णांची वाट त्याच्या अलीकडेच, जठराच्या खालच्या दाराशी बंद झाली होती. दार अडवून बसली होती कॅन्सरची गाठ, आणि तिचे ठिपके यकृतातही पोहोचले होते.

ही २०१७ सालची गोष्ट. अण्णा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. नाकातून नळी घालून साठलेले सारे काढले, सलाइन लावले, उलट्यांनी घटलेले पोटॅशियम भरून काढले. गाठ काढण्याची वेळ टळून गेली होती. प्रश्न एवढाच उरला होता, की माणसाने खायचे कसे?

मार्ग दोन होते. एक शस्त्रक्रियेचा. गाठीला हात न लावता जठराला आतड्याचा पुढचा भाग जोडायचा, म्हणजे अन्न वळसा घालून जाते. व्हिएन्नात बिलरोथ यांचे सहायक वोल्फ्लर यांनी १८८१ साली ही शस्त्रक्रिया प्रथम केली. दुसरा मार्ग स्टेंटचा. दादा शस्त्रक्रियेच्या बाजूने, मी स्टेंटच्या. आम्ही बहीणभाऊ रुग्णालयाच्या जिन्यात हळू आवाजात भांडलो. नेदरलँड्समध्ये ३९ रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला होता, त्याचा डॉक्टरांनी उल्लेख केला. रुग्णाच्या हाती दोन महिन्यांहून अधिक काळ असेल तर शस्त्रक्रिया बरी, कारण ती जास्त टिकते. त्याहून कमी असेल तर स्टेंट, कारण त्याने खाणे लवकर सुरू होते. पण आमच्या अण्णांच्या हाती किती, हे कोणी सांगावे? डॉक्टर म्हणाले, "मला दोन महिनेही कठीण दिसतात." मग त्यांनी विचारले, "त्यांना विचारलंत का?"

आम्ही विचारले नव्हते. आजाराचे नावही उच्चारले नव्हते. अण्णांनी नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्यात तीस वर्षे काढलेली. डॉक्टरांचे ऐकून ते म्हणाले, "म्हणजे चोंदलेल्या लायनीत आतून पाइप. बाहेरचा दाब तर राहणारच. पुन्हा चोंदेल ना?" डॉक्टर म्हणाले, "चोंदू शकेल." "मग पाइपच घाला. पोट फाडायचं नाही." आमचे लपवणे तिथेच संपले.

हा स्टेंट म्हणजे निकेल आणि टायटॅनियमच्या मिश्रधातूची जाळीदार नळी. मिटलेली असताना ती पेन्सिलीहून बारीक असते. तोंडातून दुर्बीण जठरात नेतात, अरुंद फटीतून बारीक तार पलीकडे सरकवतात आणि क्ष-किरणांच्या पडद्यावर पाहत तारेवरून नळी पोहोचवतात. वरचे आवरण मागे ओढले की ती आपोआप उमलू लागते. आम्हाला दाखवलेल्या चित्रात ती मधोमध आवळलेली होती, डमरूसारखी. पुरती उघडायला एकदोन दिवस लागतात; मग आतला मार्ग जवळजवळ दोन सेंटिमीटरचा होतो. उघड्या जाळीतून गाठ आत वाढू शकते, आच्छादित नळी जागेवरून घसरू शकते. निर्दोष उपाय कोणताच नाही.

दुसऱ्या दिवशी ताक आणि गाळलेली पेज. उलटी नाही! आई रात्रभर भांडे उशाशी घेऊन बसली होती, ते तिने सकाळी कोरडेच परत ठेवले. चौथ्या दिवशी मऊ भात, मेतकूट, तूप. अण्णांनी तीन चमचे खाल्ले आणि मीठ कमी असल्याची तक्रार केली.

पथ्य कडक होते. मेथी-शेपू नाही, शेवग्याची शेंग नाही, संत्र्याची फोडही नाही, कारण जाळीत चोथा अडकतो. बसूनच जेवायचे, थोडे थोडे, चावून चावून.

अण्णा अकरा आठवडे राहिले. म्हणजे दोन महिन्यांहून अधिक. हिशेबाने दादाचे बरोबर ठरले, आणि दहाव्या आठवड्यात उलट्या परतल्या तेव्हा तो मला काहीच बोलला नाही. बोलला असता तर बरे झाले असते, असे मला आजही वाटते.

मधल्या काळात एकदा त्यांनी ज्वारीची भाकरी मागितली. मी डॉक्टरांचा कागद पुढे केला. आईने तो बाजूला सारला, भाकरीचा पापुद्रा काढून टाकला, आतला मऊ भाग गरम दुधात कुस्करला, पुरणयंत्रातून काढला आणि वाटी त्यांच्या हातात दिली.

"ही भाकरी?" अण्णा म्हणाले.

"भाकरीच," आई म्हणाली. "खा गुपचूप."