कॅमेरा घेताना खिडकी पाहून घ्या

वाचकहो, मागे एका पोळ्याला आमच्या पुतण्याने शहरातून खिशात मावेल असा डिजिटल कॅमेरा आणला. शिंगांना बेगड लावून, पाठीवर झूल घालून सर्जाला भर दुपारी अंगणात उभा केला. पण उन्हाने कॅमेऱ्याच्या पडद्यावर काही दिसेना. दिसले ते आमचेच तोंड! अंदाजाने चार फोटो काढले. रात्री पाहतो तर एकाही फोटोत सर्जाची शिंगे धड आली नव्हती. पुढच्या पोळ्याला सर्जा राहिला नाही.

म्हणून आपणांस सांगतो, असा कॅमेरा घेणार असाल तर डोळा लावायची खिडकी आहे की नाही, हे आधी पाहा. तिला व्ह्यू-फाइंडर म्हणतात. रिळाच्या जुन्या कॅमेऱ्यांना ती हटकून असे. लहान डिजिटल कॅमेऱ्यांतून मात्र ती हळूहळू गेली. २०११ साली आलेल्या कॅननच्या ए-१२०० या साध्या कॅमेऱ्याला ती होती, आणि तो दोन पेन्सिल सेलवर चाले. आता असा कॅमेरा बहुधा वापरलेलाच शोधावा लागतो.

खिडकीचे फायदे दोन. एक, ऊन कितीही असो, समोरचे स्वच्छ दिसते. दुसरा, पडदा बंद ठेवता येतो, त्यामुळे सेल जास्त टिकतात. शिवाय कॅमेरा कपाळाला टेकल्याने हात कमी हलतो.

पण तिचे तोटेही ध्यानात घ्या. खिडकी भिंगाच्या जरा वर किंवा बाजूला असते. दूरच्या बैलजोडीला त्याने फरक पडत नाही. पण कपाशीच्या बोंडावरची अळी वीतभर अंतरावरून टिपायला गेलात, तर खिडकीत मधोमध दिसलेली अळी फोटोत कडेला जाते. अशा वेळी डोक्यावर उपरणे धरून सावली करावी आणि पडद्यावरच पाहावे. खिडकीत फोटोपेक्षा थोडे कमी दिसते, म्हणजे कडेचे काही जास्तीचे फोटोत येते. भिंगापुढे बोट आले तरी खिडकीतून कळत नाही. चष्मा असणाऱ्यांनी तो न काढता नीट दिसते का, हे पाहावे.

काही महाग कॅमेऱ्यांच्या खिडकीत छोटा पडदाच बसवलेला असतो. त्यात भिंगाला दिसते तेच दिसते. मात्र तो सेल खातो.

तेव्हा घरात, सावलीत किंवा जवळून फोटो काढायचे असतील तर बिनखिडकीचा चालेल. शेत, जत्रा, बैल, उन्हातले लग्न टिपायचे असेल तर खिडकीचाच घ्या. आणि कोणताही घ्या, दुकानाच्या पायरीखाली उतरून उन्हात एक फोटो काढून पाहा. पोळा दरवर्षी येतो. दावणीचा बैल तोच असेल असे नाही.