दोन टेबलं, दोन पगार
लेखमाला : श्रमाचं मोल – लेखांक ६

मागच्या आठवड्यात आपण समान कामाला समान वेतनाचं तत्त्व पाहिलं. मात्र जिथे बायका आणि पुरुष मुळात वेगवेगळी कामं करतात, तिथे हे तत्त्व अपुरं पडतं. तिथे तुलना करायची कशी? त्यासाठी चेन्नईच्या जॉर्ज टाउनमध्ये जाऊ.

इथली तंबू चेट्टी स्ट्रीट मराठी माणसाला माहीत असते ती कालिकांबाळ मंदिरामुळे. १६७७ मध्ये दक्षिणेच्या स्वारीवर असताना शिवाजी महाराज इथे दर्शनाला आले होते, असं परंपरा सांगते. बंदर आणि राजाजी सालैवरचं कस्टम हाउस इथून जवळ, त्यामुळे माल सोडवणाऱ्या एजंटांचा हा मुलूख. समजा, अशा एका कचेरीत एक बाई आयातीचे कागद तयार करते आणि एक पुरुष ते घेऊन कस्टम हाउस, गोदी अशी धावपळ करतो. त्याला पगार जास्त. का, तर तो उन्हातान्हात हिंडतो आणि ती पंख्याखाली बसते.

कार्यमूल्यांकन इथून सुरू होतं. कौशल्य, श्रम, जबाबदारी आणि कामाची परिस्थिती या चार कसोट्यांवर प्रत्येक कामाला गुण द्यायचे. गुण पदाला द्यायचे. त्या खुर्चीत कोण बसतं ते बघायचंच नाही. उन्हाचे गुण त्या पुरुषाला मिळायलाच हवेत, कोणत्या अधिकाऱ्याकडे काय अडलंय हे ओळखण्याच्या हुशारीचेही. पण बाईच्या कागदावर मालाच्या वर्गवारीचा आठ आकडी कोड असतो. त्यातला एक आकडा चुकला की शुल्काचा दर बदलू शकतो, कंटेनर अडकून पडतो, डेमरेज, म्हणजे माल अडून राहिल्याचा भुर्दंड, चढत जातं. दिवसभर पडद्यावर डोळे लावून ती हेच सांभाळते. ही जबाबदारी तक्त्यात आली नाही, तर गुणांची बेरीज कितीही काटेकोर करा, दरी तशीच राहणार.

लंडनमधल्या डॅगनमला फोर्डच्या कारखान्यात हेच घडलं. गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवणाऱ्या बायकांचं काम मूल्यांकनात खालच्या ‘बी’ श्रेणीत टाकलं गेलं. १९६८ मध्ये त्यांनी संप केला, पगार वाढवून घेतला. शिवणकाम हे कुशल काम आहे हे मान्य होऊन ‘सी’ श्रेणी मिळायला मात्र १९८४ उजाडलं. घरात शिकलेलं कसब कारखान्यात कसब ठरत नाही, हा अन्याय मला सगळ्यात जास्त डाचतो.

आपल्याकडचा मोठा खटला मुंबईचा, आणि तोही जहाज व्यवसायातलाच. मॅकिनन मॅकेन्झी कंपनीत ‘कॉन्फिडेन्शियल लेडी स्टेनोग्राफर’ असं वेगळं नाव देऊन स्त्रियांना पुरुष स्टेनोग्राफरांपेक्षा कमी पगार दिला जात होता. ऑड्री डिकोस्टा १९७६ च्या समान वेतन कायद्याखाली लढल्या. युनियनशी तसा करार झालाय, कंपनीची ऐपत नाही, अशा सबबी पुढे आल्या. १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या फेटाळल्या. बारीकसारीक फरकांवर अडून न बसता प्रत्यक्षात कोणतं काम केलं जातं ते पाहा, असा त्या निकालाचा रोख होता.

पण हा निकाल सारख्या कामापुरता. समान मूल्याच्या कामाला समान वेतन सांगणारा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १०० क्रमांकाचा करार भारताने १९५८ मध्येच स्वीकारला. २०१९ च्या वेतन संहितेत मात्र शब्द आहेत ‘तेच किंवा तशाच स्वरूपाचं काम’. त्यामुळे आपल्या कचेरीतल्या बाईला कायद्याचा आधार तोकडा पडतो.

श्रमाचा अर्थ बदलता येतो, हे तमिळनाडूनेच दाखवलंय. कापड आणि दागिन्यांच्या दुकानांत विक्रेत्या मुली दिवसभर उभ्या असायच्या आणि ते श्रम कुणी धरतच नसे. २०२१ मध्ये राज्याने दुकान कायद्यात दुरुस्ती करून बसायची सोय बंधनकारक केली. आता जॉर्ज टाउनच्या अशा एखाद्या दुकानाने मूल्यांकनाचा तक्ता करायला घेतला, तर ‘श्रम’ या रकान्यात ओझ्याच्या शेजारी उभं राहण्याचे तासही लिहावेत, आणि गुण देणाऱ्या समितीत त्या विक्रेत्या मुलींपैकी किमान एकीला बसवावं.