चारशे नाण्यांची शिबंदी

ज्या पिढीने नव्वदच्या दशकातील उन्हाळी सुट्या नगर, श्रीरामपूर, कोपरगाव येथील घरांत दूरचित्रवाणी संचासमोर मांडी घालून काढल्या, तिला ‘व्हिडिओ गेम’ म्हटले की मारिओ, कॉन्ट्रा, टँक आणि बदके टिपण्याची ती प्लॅस्टिकची बंदूक आठवते. कॅसेट चालेनाशी झाली की तिच्या तोंडाशी फुंकर मारण्याचा सर्वमान्य उपचारही आठवतो. परंतु ज्या निन्टेण्डोच्या यंत्राच्या नकला आपल्या बाजारपेठांत येत होत्या, त्याच मूळ यंत्रासाठी जपानात १९८६ साली ‘ड्रॅगन क्वेस्ट’ आणि १८ डिसेंबर १९८७ रोजी ‘फायनल फँटसी’ हे निराळ्याच जातीचे, बोटांच्या चपळाईपेक्षा मनाच्या धीमेपणावर विसंबणारे खेळ प्रसिद्ध झाले होते, याची वार्ता आपल्या बैठकीच्या खोल्यांपर्यंत फारशी पोहोचलीच नाही.

ती न पोहोचण्याचे कारण आपल्या अभिरुचीत शोधणे अन्यायाचे होईल. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा खेळ अवघ्या ४० किलोबाइटांत मावत असे. ‘फायनल फँटसी’स २५६ किलोबाइट लागत, आणि खेळाडूची प्रगती जपून ठेवण्यासाठी कॅसेटीच्या पोटात एक छोटी बॅटरी बसवावी लागे. एकाच कॅसेटीत शेकडो खेळ असल्याची जाहिरात करून ती स्वस्तात खपवणाऱ्या नकलाकारांना हा बॅटरीचा खर्च परवडणारा नव्हता. शिवाय खेळातील सारा व्यवहार संवादांतून चालत असल्यामुळे वाचल्यावाचून पाऊलही पुढे पडत नसे. समजा, एखादी कॅसेट पाथर्डीत किंवा जामखेडात येऊन पडली असती, तरी पुढे भारनियमनाच्या वर्षांत तिचे हाल झाले असते. कारण प्रगतीची नोंद फक्त सरायीत मुक्काम केल्यावर किंवा उघड्या रानात तंबू ठोकल्यावरच होई, आणि मधेच वीज गेली तर मागच्या मुक्कामापासूनची सारी मजल फुकट जाई.

आता ती अडचण उरलेली नाही. २०२१ साली या खेळाची ‘पिक्सेल रीमास्टर’ ही आवृत्ती संगणक व मोबाइल यांसाठी निघाली असून तीत हवी तेव्हा नोंद करता येते. तथापि नवागताने मूळ आवृत्तीचा हिशेब समजून घेतल्यास खेळाचा स्वभाव अधिक लवकर उमगेल, असे माझे मत आहे; म्हणून पुढील आकडे त्या मूळ आवृत्तीचे, तिच्या अमेरिकेत १९९० साली निघालेल्या इंग्रजी अवताराचे आहेत.

प्रारंभी चार वीर निवडावयाचे असतात, आणि प्रत्येकासाठी सहा पेशांतून एक. लढवय्या, चोर, मुष्टियोद्धा, आणि पांढरा, काळा व लाल असे तीन मांत्रिक. नाव रोमन लिपीत आणि चारच अक्षरांचे चालते, त्यामुळे नगरच्या इतिहासावर या खेळाचा जणू रोषच आहे. चांद, अंबर, अहमद, निजाम, इतकेच काय, वेढा घालणारा मुराद, सारेच पाच अक्षरी! नवख्याने लढवय्या, मुष्टियोद्धा, पांढरा व काळा मांत्रिक अशी चौकडी घ्यावी. चोर दिसतो आकर्षक, पण मूळ आवृत्तीत तो घेणे म्हणजे नुसत्या नावावर रोजमुरा देणे होय.

यानंतर कॉर्नेलिया नगरीच्या वेशीवर तहबिलीत असतात नेमकी ४०० नाणी, आणि खरा खेळ इथे सुरू होतो. बहुतेक जण हा क्षण वाया घालवतात: हात रिकामे, अंग उघडे, तशाच अवस्थेत रानात शिरतात आणि दोन-तीन चकमकींत गारद होऊन ‘खेळ अवघड आहे’ असा शेरा मारतात. जमाखर्च मांडून पाहावा. काळ्या मांत्रिकास अग्नीचा व पांढऱ्यास जखमा भरण्याचा मंत्र, प्रत्येकी १००. लढवय्यास साखळीचे चिलखत ८० आणि तलवार १०. पांढऱ्यास लोखंडी हातोडा १०. मुष्टियोद्ध्यास लाकडी नानचाकू १०. काळ्यास सुरी ५. एकूण ३१५. उरलेल्या ८५ पैकी काही सरायीसाठी राखून ठेवावीत, कारण पहिल्या पायरीवर मांत्रिकास मंत्र दोनदाच म्हणता येतो आणि ती शक्ती पुन्हा मिळते मुक्कामानंतरच. मुष्टियोद्ध्याचे ते नानचाकूही थोड्याच दिवसांचे सोबती. तो चार-पाच पायऱ्या चढला की हत्यार काढून ठेवावे, रिकाम्या मुठीचाच मार अधिक बसतो.

चांदबिबीने १५९५-९६ च्या वेढ्यात तटाला पडलेले भगदाड रातोरात बुजवले, ही कथा नगरच्या भुईकोट किल्ल्याच्या छायेत वाढलेल्या प्रत्येक मुलास ठाऊक असते. परंतु त्या एका रात्रीमागे गवंडी, दगड, दारूगोळा आणि दाणागोटा यांची आधीपासूनची जी तजवीज असली पाहिजे, तिच्याकडे कथा सांगणाऱ्याचे लक्ष सहसा जात नाही. ‘फायनल फँटसी’ ही त्या तजविजीची करमणूक आहे. तलवारीचा घाव यंत्र आपोआप घालते. तुमच्याकडे उरते ते कोणास कुठे उभे करावे आणि किती रसद घेऊन निघावे, याचे कारभारीपण.

लढाईतही हाच हिशेब लागतो. मूळ आवृत्तीत चौघांनी एकाच शत्रूवर वार योजले आणि तो पहिल्याच घावाने मेला, तर उरलेल्यांचे वार हवेत जातात. सबब हुकूम वाटून द्यावेत. दोषही सांगितला पाहिजे: बुद्धी या गुणाचा मंत्राच्या प्रभावावर काहीएक परिणाम होत नाही, कारण आज्ञावलीतच ती चूक राहून गेली. ही आज्ञावली इराणात जन्मलेल्या नासिर गेबेली यांची. हिरोनोबू साकागुची यांनी घडवलेल्या ‘फायनल फँटसी’ मालिकेतील पहिले तीनही खेळ त्यांनीच रचले. आपल्या दप्तरांना शब्द पुरवणाऱ्या देशाने जपानी खेळालाही हात लावला, हा योगायोग मला मोठा गमतीचा वाटतो.

पहिली कामगिरी राजाची: वायव्येच्या पडक्या मंदिरात गारलँड या बंडखोर सरदाराने राजकन्या सारा हिला कोंडले आहे. त्याचे बळ १०६. चौकडी दुसऱ्या-तिसऱ्या पायरीवर पोहोचली की तो पडतो, म्हणून त्याआधी नगराभोवतीच हिंडून अनुभव व नाणी साठवावीत. तो पडल्यावर राजा उत्तरेचा पूल बांधवून देतो, आणि त्या पुलावर पाऊल टाकल्यावरच खेळाची प्रस्तावना पडद्यावर उमटते.

पुलापलीकडे प्राव्होका बंदर आहे. तेथील चाच्यांचा पराभव केला की जहाज मिळते आणि दक्षिणेचा मुलूख खुला होतो. नवखे सर्वाधिक बळी पडतात ते याच मुलखातील दलदलीच्या गुहेत, कारण तेथील प्राण्यांचे विष चालता चालता झिजवते. तीत उतरण्यापूर्वी ७५ नाण्यांचा एक असे विषावरचे उतारे आणि ६० नाण्यांची एक अशा औषधाच्या कुप्या भरपूर घ्याव्यात. मूळ आवृत्तीत त्या एकेकच विकत घ्याव्या लागतात, हे कंटाळवाणे आहे खरे, पण कंटाळा करू नये. आणि गुहेच्या तोंडाशी एक तंबू अवश्य ठोकावा.