मधाची बाटली घेण्याआधी

परवा सकाळी माझ्या वसईच्या दवाखान्यात एक आजी आल्या. कडेवर चार महिन्यांची नात आणि हातातल्या पिशवीत मधाची बाटली. नातीला सर्दी-खोकला झाला होता. "डॉक्टर, दोन दिवस वेखंड उगाळून मधातून चाटवतेय, पण गुण येत नाही. हा मध खरा की खोटा, जरा बघून सांगा," त्या म्हणाल्या. मध त्यांनी स्टेशनबाहेर बादलीत पोळे घेऊन बसलेल्या माणसाकडून घेतला होता. "माझ्या डोळ्यांदेखत पिळून दिला हो त्याने!"

मी बाटली बाजूला ठेवली आणि आधी बाळाला तपासले. सुदैवाने सर्दी साधी होती. मग आजींना म्हटले, "मध खरा असो की खोटा, वर्षाच्या आतल्या बाळाला तो अजिबात द्यायचा नाही."

आजींना हे पटेना. त्यांचे तरी काय चुकले? बाळ जन्मले की सोन्याच्या अंगठीने मध चाटवायची आपली जुनी रीत. माझ्या मुलाला माझ्या आईने तसाच मध चाटवला होता आणि मी, डॉक्टर असूनही, शेजारी उभा राहून कौतुकाने पाहत होतो. पण आज कारण माहीत आहे, म्हणून सांगायलाच हवे. मधात कधी कधी 'क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम' या जंतूचे बीजाणू असतात. मोठ्या माणसाच्या आतड्यात ते रुजत नाहीत. तान्ह्या बाळाच्या आतड्यात मात्र ते वाढून विष तयार करू शकतात. बाळाला शी होत नाही, रडणे क्षीण होते, दूध ओढता येत नाही, मान आणि अंग लुळे पडते. आजार विरळा आहे, पण जिवावर बेतू शकतो. घरी मध गरम करून हे बीजाणू मरत नाहीत आणि ते शुद्ध मधातही असू शकतात. म्हणून बोटाला लावूनही नको आणि गुटीतूनही नको. वर दिलेली लक्षणे दिसली तर बाळाला ताबडतोब रुग्णालयात न्यावे.

एक वर्षावरील मुलाला खोकल्यासाठी रात्री झोपताना अर्धा ते एक चहाचा चमचा मध द्यायला हरकत नाही. त्याने घशाला आराम पडतो. मधुमेहींनी मात्र "साखर नको, मध चालेल" या भ्रमात राहू नये. मधाचा सुमारे ८० टक्के भाग साखरेचाच असतो.

आता आजींच्या मूळ प्रश्नाकडे वळू. खरा मध ओळखायचा कसा? पाण्यात थेंब टाकणे, काडी पेटवून पाहणे या घरगुती परीक्षांवर विसंबू नये. मध गोठून साखरेसारखा झाला म्हणजे भेसळ झाली, हाही गैरसमज आहे. त्यातील ग्लुकोजचे खडे होतात, इतकेच. बाटली कोमट पाण्यात ठेवली की तो पुन्हा पातळ होतो. आजची भेसळ इतकी बेमालूम असते की २०२० साली दिल्लीच्या 'सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट' या संस्थेने १३ ब्रँडचे मध तपासून घेतले, तेव्हा सर्व चाचण्यांत फक्त ३ उतरल्याचे तिने जाहीर केले. काही कंपन्यांनी हा निष्कर्ष अमान्य केला. पण प्रयोगशाळांना जिथे इतकी खटपट करावी लागते, तिथे तुमच्या-माझ्या डोळ्यांचा काय पाड!

मग उपाय? मध कोणी आणि कसा काढला, हे माहीत असणे. याच विचारावर उभ्या राहिलेल्या एका कंपनीविषयी सांगावेसे वाटते. विजया पास्ताला यांनी २००९ साली मुंबईत 'अंडर द मँगो ट्री' सुरू केली. कंपनीने मध विकायचा आणि जोडीच्या संस्थेने महाराष्ट्र, गुजरात, मध्य प्रदेशातील आदिवासी शेतकऱ्यांना मधमाशीपालन शिकवायचे, अशी ही जोडी. भर दिला तो आपल्या देशी सातेरी माशीवर. ही माशी झाडाच्या ढोलीत, भिंतीच्या कपारीत राहते आणि लाकडी पेटीतही नांदते. शेतकऱ्याला तिचा लाभ दुहेरी, कारण मध तर मिळतोच, शिवाय परागीभवन झाल्याने फळ-भाजीचे पीकही सुधारते.

शिक्षणाने फरक कसा पडतो ते पाहा. न शिकलेला माणूस धूर किंवा जाळ करून पोळे उतरवतो आणि सगळेच पिळतो. त्यात अळ्या, परागकण, कच्चा मध, सारे एकत्र येते आणि वसाहतही संपते. शिकलेला मधपाळ माश्यांनी मेणाने बंद केलेल्या घरांचा पिकलेला मध तेवढा यंत्रात फिरवून काढतो, पिल्लांच्या चौकटीला हात लावत नाही आणि माश्यांपुरता मध पेटीत ठेवतो. पिकलेल्या मधात पाणी कमी असते, म्हणून तो आंबत नाही.

हे शिक्षण महाराष्ट्राला नवे नाही. पुण्यात १९६२ पासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. महाबळेश्वरजवळचे मांघर २०२२ साली 'मधाचे गाव' म्हणून जाहीर झाले. त्याच योजनेत आपल्या पालघर जिल्ह्यातील घोलवडचीही निवड झाली आहे. तेव्हा चांगला मध शोधायला फार लांब जावे लागू नये.

वाचकांनी एवढे लक्षात ठेवावे. सुटा, बिननावाचा मध घेऊ नये. लेबलवर उत्पादकाचे नाव, पत्ता व परवाना क्रमांक पाहावा. शक्य तर ओळखीच्या मधपाळाकडून घ्यावा आणि तो कोणत्या फुलोऱ्याचा, कसा काढला, हे विचारावे. वाडीत फुलोरा असताना कीटकनाशक फवारू नये. माशी चावली तर नांगी लगेच खरवडून काढावी व बर्फ लावावा. दम लागला, ओठ-चेहरा सुजला किंवा चक्कर आली, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता रुग्णालय गाठावे.

निघताना आजींनी विचारले, "मग या बाटलीचं काय करू?" मी म्हटले, "ज्याने दिली त्याला पोळं कुठलं ते विचारलंत का?" त्या क्षणभर गप्प राहिल्या. मग बाटली पिशवीत टाकत म्हणाल्या, "भाजी घेताना दहा प्रश्न विचारते मी, हे मात्र राहूनच गेलं."