छोटी गाडी घेताना: कोटेशनचा कागद कसा वाचायचा

मंडळी, सुरुवात माझ्याच फजितीपासून करतो. काही वर्षांपूर्वी जुनी गाडी देऊन मी नवी घेतली. शोरूममध्ये तासभर घासाघीस केली, १५ हजार कमी करून घेतले आणि पेढे घेऊन घरी आलो. पुढे एकदा आमच्या मेव्हण्यांनी ते सगळे कागद चाळले आणि विचारलं, “दाजी, जुन्या गाडीचा नो क्लेम बोनस कुठे आहे?” मी म्हटलं, तो काय असतो? (हशा)

सलग पाच वर्षं मी एकही क्लेम घेतला नव्हता. त्यामुळे नव्या गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या विम्यावर, ज्याला ‘ओन डॅमेज’ म्हणतात, मला ५० टक्के सूट मिळायला हवी होती. हा बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. जुनी गाडी विकली की विमा कंपनीकडून तसं पत्र घ्यायचं, ते तीन वर्षं चालतं. मला कुणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. शिवाय जुनी गाडी मी बाहेर दाखवलीच नव्हती, शोरूमने दिलेली किंमत मान्य केली. म्हणजे एका खिशात आले आणि दोन खिशांतून गेले.

तेव्हापासून ‘सूट किती?’ हा प्रश्न मी विचारत नाही. गाडी दारात उभी राहीपर्यंत माझे एकूण किती जाणार, तो आकडा ओळीओळीने लिहून मागतो. मग प्रत्येक ओळीसमोर पाहायचं, की हा आकडा ठरवतं कोण?

समजा, पेट्रोलची छोटी गाडी आहे, एक्स-शोरूम ६ लाख. जीएसटीच्या हिशेबात पेट्रोलची छोटी गाडी म्हणजे लांबी ४ मीटरपर्यंत आणि इंजिन १२०० सीसीपर्यंत. २२ सप्टेंबर २०२५ पासून तिच्यावर १८ टक्के जीएसटी आहे. त्याआधी २८ टक्के आणि वर १ टक्का उपकर होता. म्हणजे या ६ लाखांत साधारण साडेएक्याण्णव हजार कराचेच. त्यावर महाराष्ट्रात वैयक्तिक मालकीच्या, १० लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला ११ टक्के एकरकमी वाहन कर, म्हणजे ६६ हजार. इथे सेल्समनच्या हातात काही नाही. त्याच्याशी वाद घालू नका, फक्त पावतीचा आकडा आणि कोटेशनचा आकडा जुळतोय ना ते बघा. कोटेशनमध्ये ‘आरटीओ ७४,०००’ असा गोल आकडा दिसला, तर वरचे आठ हजार कशाचे, हे शांतपणे विचारायचं. नोंदणी शुल्क वगैरे किरकोळ असतं, त्यात आठ हजार बसत नाहीत.

आता विमा. इथे खरी जागा आहे. नव्या गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे आणि त्याचे दर सरकार ठरवतं, ते सगळीकडे सारखे. ओन डॅमेजचे दर मात्र कंपनीगणिक बदलतात. विमा शोरूमकडूनच घ्यायला हवा, अशी कायद्यात कुठेही सक्ती नाही. बाहेरून दोन कोटेशनं आणा आणि समोर ठेवा. एक सावधगिरी घ्या: दोन्हीकडे आयडीव्ही, म्हणजे गाडी चोरीला गेली तर मिळणारी रक्कम, सारखीच हवी. नव्या गाडीची ती एक्स-शोरूमपेक्षा ५ टक्के कमी धरतात, म्हणजे आपल्या उदाहरणात ५ लाख ७० हजार. ती खाली आणली की प्रीमियम आपोआप स्वस्त दिसतो.

उरलेल्या ओळी म्हणजे ॲक्सेसरीजचं पॅकेज, कोटिंग, हँडलिंग चार्जेस. मॅट आणि सीट कव्हर बाजारात मिळतात. हँडलिंग चार्ज हा सरकारी कर नाही. तो काढा म्हणायला लाजायचं कारण नाही.

जुनी गाडी असेल तर तिचा व्यवहार शेवटपर्यंत वेगळा ठेवा. आधी बाहेर दोन ठिकाणी किंमत काढा, मग नव्या गाडीचा आकडा लिहून घ्या, आणि त्यानंतरच म्हणा, “माझ्याकडे जुनी आहे.” दोन्ही एकत्र केलं की इकडचं तिकडे सरकवणं सोपं जातं, आणि ते आपल्या लक्षातही येत नाही.

कर्जाचं तसंच. “फक्त ७ टक्के” ऐकलं, की विचारायचं: फ्लॅट की घटत्या शिलकीवर? ५ लाख, पाच वर्षं, फ्लॅट ७ टक्के, तर व्याज १ लाख ७५ हजार आणि हप्ता ११,२५०. घटत्या शिलकीच्या हिशेबात हाच दर साडेबारा टक्के पडतो. बँकेचा साडेनऊचा दर महाग वाटतो आणि हा सात स्वस्त, अशी गंमत आहे.

वेळेचंही सांगतो. पाडवा आणि दसऱ्याच्या तोंडावर शोरूममध्ये उभं राहायला जागा नसते, तेव्हा तुमचं कोण ऐकणार? महिनाअखेर बरी, विक्रीचं टार्गेट डोक्यावर असतं. पितृपंधरवडा त्याहून बरा. ज्यांना मुहूर्त पाळायचाय त्यांनी भाव तेव्हा बोलून ठेवावा आणि गाडी दसऱ्याला आणावी. डिसेंबरात सूट मोठी असते, पण गाडी त्या वर्षाची धरली जाते आणि विकताना ते दिसतं. तुम्ही दहा वर्षं वापरणार असाल तर खुशाल घ्या. तीन वर्षांत बदलणार असाल तर थांबा. आणि कोणत्याही महिन्यात, पैसे भरण्याआधी चेसिस नंबर आणि बनावटीचा महिना लिहून घ्या.

एक चिठ्ठी आली आहे: “ज्या गाडीला चार महिन्यांचं वेटिंग आहे, तिथे काय घासाघीस करणार?” बरोबर आहे, किमतीवर नाहीच होणार. पण विमा, ॲक्सेसरीज, हँडलिंग या ओळी तिथेही आपल्याच हातात असतात. आणि बुकिंगच्या पावतीवर एक वाक्य लिहून घ्या: गाडी रद्द केली तर पैसे किती दिवसांत आणि किती परत मिळतील. हे वाक्य लिहून द्यायला शोरूम तयार नसेल, तर त्याच कंपनीचं दुसरं शोरूम गाठा.