पावणेतीनची नेमकी जागा

२ ३/४ हा पूर्णांकयुक्त अपूर्णांक. ‘दोन पूर्णांक तीन छेद चार’ असे त्याचे वाचन होते. लिहिताना त्यात तीन अंक येतात, ऐकताना दोन तुकडे ऐकू येतात. पण संख्या एकच असते आणि संख्यारेषेवर तिला बिंदूही एकच मिळतो. संख्यारेषा शिकवायची ती मुख्यतः एवढ्यासाठी. वर्तुळाचे रंगवलेले भाग पाहून अपूर्णांक म्हणजे कापलेली वस्तू एवढेच मुलाच्या मनात ठसते. तोही इतर संख्यांसारखा लहानमोठ्यांच्या क्रमात बसतो, हे त्या चित्रांतून कळत नाही.

ही समज नसली की काय होते, ते अमेरिकेत १९७८ साली झालेल्या राष्ट्रीय शैक्षणिक चाचणीत दिसले. तेरा वर्षांच्या मुलांना १२/१३ अधिक ७/८ याचे अंदाजे उत्तर विचारले होते. पर्याय होते १, २, १९ आणि २१. दोन्ही अपूर्णांक एकाला अगदी खेटून आहेत, म्हणून उत्तर २. ते जेमतेम २४ टक्के मुलांनी निवडले. निम्म्याहून अधिक मुले १९ किंवा २१ वर गेली. कुणी अंश मिळवले, कुणी छेद. बेरीज त्यांना येत होती, संख्येचा आवाका कळत नव्हता.

शिकवताना आधी एकक ठरवावे लागते. सारख्या लांबीच्या कागदाच्या पट्ट्या घेऊन त्या रेषेवर एकापुढे एक ठेवल्या आणि त्यांच्या टोकांशी ०, १, २, ३ लिहिले, की शून्यापासून एकापर्यंतचे अंतर म्हणजे ‘एक’ हे डोळ्यांना दिसते. मग पूर्णांक पाहायचा. २ ३/४ मधला २ सांगतो की दोन एकके पुरी झाली, बिंदू २ आणि ३ यांच्या मध्ये कुठेतरी आहे. बाकीची रेषा आता विसरायची. फक्त त्या एका अंतराचे चार सारखे भाग करायचे आणि २ पासून तीन भाग पुढे जायचे.

मुले सर्वांत जास्त चुकतात ती इथे. पट्टीची दोनदा निम्मी घडी घातली तर भाग चार होतात, पण मधल्या घड्या तीनच असतात. कागदावर मात्र छेदात ४ दिसला म्हणून मूल चार रेघा मारते आणि भाग पाच होतात. दुसरी चूक मोजण्याची: २ वरच बोट ठेवून ‘एक’ म्हटले, की तिसऱ्या रेघेऐवजी दुसऱ्या रेघेवर गाडी थांबते. दोन्हींवर उपाय एकच. रेघा मोजू द्यायच्या नाहीत, मधली अंतरे उड्या मारत मोजायला लावायची. तिसरी चूक अधिक खोल असते. ० ते ४ अशी रेषा दिली, की काही मुले ३/४ थेट ३ वर दाखवतात, कारण ती सबंध रेषेचे चार भाग करतात. एकक कुठून कुठपर्यंत, हा प्रश्न त्यांना पुन्हा पुन्हा विचारावा लागतो.

निम्मे आणि चौथाई घडीने जमतात. तिसरे आणि पाचवे भाग जमत नाहीत. तिथे चौकटीची वही उपयोगी पडते. २, ३, ४, ६ हे छेद असतील तर १२ चौकटींचे एकक घ्यावे, ५ साठी १० चौकटींचे. वही नुसती रेघांची असेल तर पट्टी रेघांवर तिरकी ठेवून तिची टोके पाच ओळींच्या अंतराने असलेल्या दोन रेघांना टेकवावीत. समान अंतराच्या समांतर रेघा तिचे आपोआप पाच सारखे भाग करतात.

मराठी घरातल्या मुलाच्या कानावर सव्वा, दीड, अडीच, साडेतीन हे शब्द शाळेआधीच पडलेले असतात. जुन्या शाळांत तर पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी आणि साडेतीनची औटकी पाठ असे. हे भांडवल वापरायलाच हवे, पण पावणेतीनपाशी मूल थबकते. नावात तीन आहे, लिहिताना सुरुवात दोनने होते. दोन्ही वाटांनी चालून पाहावे: २ पासून तीन चतुर्थांश पुढे, ३ पासून एक चतुर्थांश मागे. पोहोचायचे एकाच बिंदूवर.

शून्यापासून चतुर्थांशाच्या अकरा उड्या मारल्या तरी तोच बिंदू येतो, म्हणजे ११/४ आणि २ ३/४ या एकाच संख्येच्या दोन लेखनपद्धती. ‘पूर्णांक गुणिले छेद अधिक अंश’ हे सूत्र यानंतर द्यावे. आधी दिले तर ते नुसते पाठांतर होते. तुलनाही सोपी होते. २ २/३ मोठा की २ ३/४? पहिला ३ पासून एक तृतीयांश मागे, दुसरा एक चतुर्थांश मागे. चतुर्थांश लहान, म्हणून २ ३/४ हा ३ च्या अधिक जवळ, अर्थात मोठा.

ऋण संख्यांत नवा खड्डा असतो. −१ ३/४ दाखवताना मूल −१ पर्यंत डावीकडे जाते आणि तिथून सवयीने उजवीकडे वळून −१/४ वर येते. ऋण चिन्ह पूर्ण संख्येचे आहे, एकट्या १ चे नाही. म्हणून तीन चतुर्थांशही डावीकडेच मोजायचे आणि −२ च्या अलीकडे थांबायचे.

विषय समजला की नाही हे पाहायला आखून दिलेली रेषा पुरत नाही, कारण तिथे रेघा मोजून उत्तर निघते. रेषेवर फक्त ० आणि १ १/२ द्यावेत आणि १ कुठे ते विचारावे. दीड म्हणजे तीन अर्धे. म्हणून त्या अंतराचे तीन सारखे भाग करून दुसऱ्या भागाच्या शेवटी जो १ लिहितो, त्याला पूर्णांकयुक्त अपूर्णांक कळला असे खुशाल समजावे.