हीटरमधून गार वारा आला, तर आधी पाणी बघा



थंडीतली पहाट कशी असते, हे आम्हा निफाडकडच्या बायकांना विचारा. जानेवारीत इथला पारा कधीकधी ५-६ अंशांपर्यंत उतरतो. त्याच थंडीत मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या घेऊन आम्ही पहाटे ४ वाजता नाशिकच्या बाजाराला निघतो. त्यासाठी गटाने कर्ज काढून एक जुनी जीप घेतली आहे. मागच्या हिवाळ्यात तिच्या हीटरमधून गार वारा यायला लागला. आम्ही काय केलं? शाली घट्ट गुंडाळल्या, कानाला रुमाल बांधले आणि काच धुरकटली की फडक्याने पुसली. "हीटर काय, चैनीची गोष्ट. पुढच्या महिन्यात बघू," असं म्हणत १५ दिवस काढले. मग एका पहाटे भर रस्त्यात बॉनेटमधून वाफा निघाल्या. माल रस्त्यातच सुकला, इंजिनचं हेड गॅस्केट गेलं आणि दुरुस्तीला दोन महिन्यांच्या हप्त्याइतके पैसे गेले.

मेकॅनिकभाऊ म्हणाले, "ताई, पाणी कमी होतंय हे गाडी तुम्हाला १५ दिवस सांगत होती." ते आम्हाला कळलं नव्हतं. तुम्हाला कळावं, म्हणून आज हा विषय घेतला.

आधी हीटर कसा चालतो ते बघू. आपला तांब्याचा बंब आठवा. मधल्या नळीत जाळ आणि भोवती पाणी. इंजिनचंही तसंच आहे. आत इंधन जळतं आणि भोवतीने पाणी फिरतं. या पाण्यात कूलंट मिसळलेलं असतं. तापलेलं पाणी गार व्हायला पुढच्या रेडिएटरकडे जातं. त्यातलाच थोडा भाग दोन रबरी पाइपांमधून डॅशबोर्डच्या मागे असलेल्या एका छोट्या जाळीत येतो-जातो. पंखा त्या जाळीवरून वारा सोडतो आणि तो गरम होऊन आपल्यापर्यंत येतो. म्हणजे हीटरला वेगळी चूल नसते, इंजिनचीच धग आपण वापरतो.

आता कालव्याचं बघा. पाणी कमी सुटलं की शेवटच्या शेताला आधी कोरड पडते. गाडीतही पाणी कमी झालं की त्या जागी हवा शिरते आणि बऱ्याचदा हीटरच्या जाळीलाच आधी पाणी पुरत नाही. म्हणून गार वारा ही इंजिनची पहिली हाक असू शकते. काटा लाल रेघेकडे जाईपर्यंत थांबू नका. पाणी फारच कमी असेल, तर काटासुद्धा चुकीचं दाखवू शकतो.

मग तपासायचं कसं? एकेक पायरी घेऊ.

पहिली पायरी. हीटरचं बटण पूर्ण लाल बाजूला आहे का? इंजिन पुरेसं तापलं आहे का? थंडीत डिझेल गाडीला तापायला जास्त वेळ लागतो. ती थोडी चालू द्या, मग ठरवा. वाराच येत नसेल, तर दोष पाण्याचा नाही. फ्यूज किंवा पंख्याची मोटर बघायला सांगा.

दुसरी पायरी. सकाळी गाडी सुरू करण्याआधी, इंजिन पूर्ण गार असताना, बॉनेट उघडा. कूलंटची अर्धपारदर्शक टाकी शोधा. तिच्यावर कमीत कमी आणि जास्तीत जास्त अशा दोन खुणा असतात. पाणी त्या दोन्हींच्या मध्ये हवं. एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना सांगा: तापलेल्या गाडीच्या रेडिएटरचं झाकण कधीही उघडायचं नाही. कुकरची शिटी न काढता झाकण उघडावं, तसं उकळतं पाणी अंगावर उडतं.

तिसरी पायरी. पाणी बरोबर आहे, तरी वारा गारच. मग चालताना काट्याकडे बघा. काटा नेहमीपेक्षा खालीच राहत असेल, तर थर्मोस्टॅटवर संशय घ्या. थर्मोस्टॅट म्हणजे पाण्याच्या वाटेवरचं दार. इंजिन गार असताना ते बंद राहतं आणि साधारण ८० ते ९० अंशांच्या आसपास उघडतं. ते उघडंच अडकलं, तर पाणी सारखं रेडिएटरकडे जातं आणि इंजिन तापतच नाही. काही ठिकाणी गाडी तापते म्हणून हे दार काढूनच टाकतात. तसं करू देऊ नका. हीटर गार पडतो आणि इंधनही जास्त जळतं. खराब असेल तर नवा बसवायला सांगा.

चौथी पायरी मेकॅनिककडून करून घ्या, पण समजून घ्या. गाडी तापल्यावर हीटरचे दोन पाइप तपासले जातात. दोन्ही गरम असतील, तर वाऱ्याची झडप किंवा तिची केबल अडकलेली असते. एक गरम आणि एक गार असेल, तर जाळी तुंबलेली किंवा पाण्याचा व्हॉल्व्ह बंद असतो. दोन्ही गार असतील, तर पाणी कमी, आत हवा किंवा थर्मोस्टॅटचा दोष. हे माहीत असलं की "सगळा हीटरच बदलावा लागेल" असं कुणी म्हटलं, तर आपण विचारू शकतो, "भाऊ, पाइप किती गरम होते?"

जाळी तुंबते कशाने? बोअरच्या पाण्याने. पाणी तापवायच्या पातेल्याला पांढरा थर बसतो ना, तोच इथेही बसतो. म्हणून कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर, गाडीच्या पुस्तकात दिलेल्या प्रमाणातच घाला. अडचणीत साधं पाणी घालावं लागलं, तर नंतर ते बदलून घ्या.

पाणी वारंवार कमी होत असेल, तर नुसतं भरत राहू नका. ते जातंय कुठे, ते शोधा. पायाखालची चटई ओली, गाडीत गोडसर वास आणि काचेवर चिकट धुरकटपणा असेल, तर आतली जाळी गळते आहे. सांडलेलं कूलंट लगेच पुसा. ते विषारी असतं, पण चवीला गोड लागतं. लहान मुलं आणि कुत्री-मांजरं त्यापासून लांब ठेवा.

आणि रस्त्यात काटा लाल रेघेला टेकलाच तर? गाडी कडेला घ्या, इंजिन बंद करा आणि गार होईपर्यंत थांबा. तापलेल्या इंजिनवर गार पाणी ओतू नका, त्याला तडा जाऊ शकतो. माल उशिरा पोचेल, पण इंजिन वाचेल.

मैत्रिणींनो, खरी चूक हीटरची नव्हती. गार वारा आम्हा पाचही जणींना लागत होता, पण "गाडीतलं आपल्याला काय कळतं" म्हणून एकीनेही बैठकीत विषय काढला नाही. हप्ता मात्र आम्हीच फेडत होतो. आता आमच्या वहीत बचतीच्या रकान्याशेजारी गाडीच्या पाण्याचाही रकाना आहे. दर सोमवारी पहाटे, गाडी सुरू करण्याआधी, जिची पाळी असेल ती बॉनेट उघडते, खूण बघते आणि सही करते. तुमच्या गटाची, नाहीतर घरची गाडी असेल, तर उद्या सकाळी ती टाकी तेवढी शोधून ठेवा.